मुलाच्या कॅसेटवरचा धवला

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला तो सहा सीटच्या रिक्षात. पेणच्या बाजारातून सुकी मासळी घेऊन गावाकडे निघाले होते. रिक्षावाल्याने कॅसेट लावली होती. गिटारीचा खरखराट आणि त्यावर कुणी मुलगा ओरडून गात होता. माझं लक्ष नव्हतं. वडखळ जवळ आलं तेव्हा ते गाणं संपलं आणि एक बाई धवला म्हणायला लागली. जाड आवाज, अर्धा नाकातला. मला वाटलं, ही कोण अशी रेकते आहे? दुसऱ्या ओळीला कळलं की ती मीच आहे.

शेजारी खाडीपलीकडच्या गावची एक म्हातारी बसली होती. तिने डोक्यावर पदर घेतला, पायातल्या चपला काढून मांडीवर ठेवल्या आणि मांडवात म्हणतात तशी प्रत्येक ओळ मागून म्हणायला लागली.

"मावशे, कॅसेट हाय ती," रिक्षावाला म्हणाला.

"कॅसेट असंल. देवांना बोलावतायत ना? मंग पाय चपलांत ठेवू?"

तेवढ्यात ढोलासारखं काहीतरी दणदणलं, गिटार अंगावर आली आणि म्हातारी दचकून गप्प झाली. माझा धवला त्या आवाजात बुडत बुडत गेला आणि गाणं संपलं. रिक्षावाल्याने कॅसेट काढून उलटी घातली.

"मंग परत कोन पाठवनार?" म्हातारीने विचारलं.

"कोनाला?"

"बोलावलं त्यांना."

"जातील आपले चालत," रिक्षावाला म्हणाला आणि बाकीचे हसले. म्हातारी हसली नाही. मीही हसले नाही. ती मीच आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. पण घर येईपर्यंत मासळीची पिशवी मी इतकी घट्ट धरली होती की बोंबील मोडले.

ज्यांना धवला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्न ब्राह्मण लावत नसे, धवलारीण लावायची. मांडवात उंबराची फांदी रोवायची, तिच्याजवळ धवलारणीने उभं राहायचं आणि गाऊन देवांना बोलवायचं. गावचा देव, खाडी, बांध, शेत, घरातली मेलेली माणसं, सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं, की या, आमच्या घरी लग्न आहे. मग हळद, मग लग्न, प्रत्येकाचा वेगळा धवला. आणि नवरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा धवला. त्यात बोलावलेल्या सगळ्यांना परत वाटेला लावायचं आणि उंबराची फांदी पाण्यात सोडायची. तोपर्यंत बहुतेक पाहुणे गेलेले असतात. मुलं वरातीबरोबर गेलेली असतात. तो धवला चार बायकाच ऐकतात. पण तो म्हटल्याशिवाय मांडव सोडायचा नाही.

आणि धवला लग्नाबाहेर म्हणायचा नाही. शिकण्यासाठीसुद्धा नाही. मी सासूच्या मागे उभी राहून, लग्नालग्नात तिच्या ओळी म्हणत शिकले. चुलीपुढे मी कधी गुणगुणलेसुद्धा नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढे मिठागरावर. नवरा लवकर गेला. विधवा बाईला गावात कोण काय विचारतो? पण मांडवात उंबराजवळ उभी राहिले की सरपंचालाही मी "बाजूला हो, पाय काढ" म्हणू शकत होते आणि तो पाय काढत होता. मला तेवढंच होतं. मी ते कमी समजत नव्हते.

मुलगा एकच. दहावी झाला आणि हळदीच्या बेंजो पार्टीत शिरला. आमच्याकडे हळदीला बेंजो, ढोलकी, झांज असल्याशिवाय कुणी नाचत नाही. त्याचा हात चांगला होता. मग कुठूनशी जुनी गिटार आणली आणि पार्टीत बेंजोऐवजी ती वाजवायला लागला. लोकांना ते पसंत पडलं नाही. नवरदेवाचा काका म्हणायचा, हे काय तार कापल्यासारखं वाजवतंय, आमचं गाणं वाजव. शेवटी पार्टीवाल्यांनी सांगितलं, बेंजो घे नायतर घरी बस. तो घरी बसला नाही. रोह्याला एका ट्रकच्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करायला गेला. तिथेच राहायचा. रविवारी घरी यायचा तो हाताला ग्रीस आणि बोटांना तारांचे घट्टे घेऊन.

बाकीची पोरं कंपनीत लागली होती. एकाची पहिली शिफ्ट, एकाची दुसरी, एकाची रात्रपाळी. त्याला बरोबर वाजवायला कुणी मिळेना. म्हणून त्याने सगळं एकट्यानेच केलं. गिटार वाजवून टेप करायची, मग ती टेप लावून तिच्यावर तेलाचं रिकामं पिंप बडवायचं आणि दुसऱ्या टेपवर घ्यायचं. मग त्यावर गायचं. गाणी त्याचीच. अशी एक अख्खी कॅसेट तयार केली, पेणमधल्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानातून तिच्या कॉप्या काढल्या आणि रिक्षावाले, चहावाले, कंपनीतली पोरं यांना वाटल्या. कव्हरवर झेरॉक्स काढलेला हाताचा फोटो आणि नाव, 'मी एकटाच आलो'. मला त्याने एवढंच सांगितलं होतं की कॅसेट काढली आहे. त्यात मी आहे हे सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी तो आला. मी ताट वाढलं नाही.

"माझा धवला कधी टेप केलास?"

तो उंबऱ्यातच थांबला. "ऐकलीस?"

"कधी केलास ते सांग."

"मागल्या उन्हाळ्यात, पार्टी सोडायच्या आधी. आम्ही हळदीला वाजवायला होतो त्या मांडवात. टेप उंबराखाली ठेवला होता."

"मला इचारलंस?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हनली असतीस."

"मंग ते माहीत होतं तुला."

तो बसला. बूट काढत म्हणाला, "आये, तुझ्या धवल्याला चाल नाय. एकाच जागी उभा राहून तो मारत राहतो. मी पन तसंच करतो. मला वाटलं, शेवटचं गानं तुझ्याशिवाय पुरं व्हत नाय."

"आनि परत पाठवायचा कुठाय?"

"तो माझ्याकडं नाय. आम्ही तेवा वरातीत वाजवत होतो."

"मंग अर्धं कशाला घेतलंस? ते गानं काढ कॅसेटवरनं."

"नाय काढनार."

एवढं सरळ त्याने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. तो जेवला नाही आणि मीही आग्रह केला नाही.

भावाच्या एकुलत्या मुलीचं लग्न त्या वैशाखात ठरलं होतं. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, चार घरं सोडून. ती जन्मली तेव्हाच भाऊ बोलला होता, हिचं लग्न बायनंच, म्हणजे मीच, लावायचं. नवरा मुलगा निडीचा. शेतीवाली माणसं, भात आणि वाल पिकवणारी. माझ्या हातून बरीच लग्नं लागली होती, पण हे माहेरच्या घरातलं पहिलं आणि शेवटचं. मला ते लग्न हवं होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. गावात अजून मान आहे की नाही ते मला त्या मांडवात दिसणार होतं.

माघातल्या पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. खारं पाणी आत शिरलं, भाताच्या खाचरांत बसलं आणि वरच्या अंगाला वालाच्या शेतात गेलं. वाल शेंगांवर आले होते. आठवड्याभरात पानं तांबडी झाली. सगळ्यात जास्त नुकसान भावाचं.

बांध का फुटला ते मी स्वतः जाऊन बघितलं. खेकड्यांनी पोखरला होता. बिळात हात घातला तर कोपरापर्यंत जात होता. पूर्वी प्रत्येक घरातला एक माणूस वर्षातून बांधावर चिखल टाकायला जायचा. त्या वर्षी कुणी गेलं नव्हतं. तरणी माणसं कंपनीत, म्हातारी म्हणत होती, तरण्यांना जाऊ दे. मी हे गावात सगळ्यांना सांगितलं. कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

तळ्यावर धुणं धुताना एक बाई म्हणाली, "बांधाला पन तूच बोलावलंस ना गो कॅसेटमधी? आला बघ तो."

"बांध आला नाय, फुटला," मी म्हटलं. "तुझा नवरा गेला होता का चिखल टाकायला?"

"माझा नवरा सेकंड शिफ्टला असतो."

"मंग फस्ट शिफ्टला काय करतो? झोपतो?"

बाकीच्या हसल्या, पण बोलणं तिथं थांबलं नाही. वडखळच्या चहावाल्याकडे रोज ती कॅसेट लागते, म्हणजे रोज सगळ्यांना बोलावलं जातं आणि कुणी परत पाठवत नाही. मेलेली माणसं हायवेवर उभी आहेत, असंही कुणी म्हणालं. एकीचा सासरा दहा वर्षांपूर्वी गेलेला, तो म्हणे तिला चहाच्या टपरीवर दिसला. मी विचारलं, बिस्किट खात होता की नुसता चहा? पण मला माहीत होतं, हे थट्टेवर संपणार नाही.

मला स्वतःला काय वाटत होतं? बांध खेकड्यांनी फोडला यात मला शंका नव्हती. पण ज्यांना मी नाव घेऊन बोलावते त्यांना परत पाठवायचं असतं, हेही तितकंच खरं होतं. पाहुण्यांना बोलावून दार लावून घेत नाहीत. गावावर चिडायचं तेव्हा गावावर चिडत होते आणि मुलावर चिडायचं तेव्हा मुलावर.

भाऊ आला तेव्हा मी तांदूळ पाखडत होते. तो माझ्यापेक्षा लहान, गावकीत बसणारा, पण माझ्यापुढे बसला की अजून नखं कुरतडतो.

"बाय, गावकीत बोलनं झालं."

"बोल."

"कॅसेटवरनं धवला काढायला सांग पोराला. नायतर बायका मांडवात येनार नाय बोलतात. तुझ्या मागं म्हनायला कोन उभी राहनार नाय."

"तुझी बायको उभी राहील. ती दरवेळी चुकते, पन उभी राहते."

"ती पन नाय बोलते."

सूप मी खाली ठेवलं. "तू काय बोललास?"

"माझी एकच पोर हाय, बाय."

"ते मला माहीत हाय. तू काय बोललास ते इचारते."

तो नखं कुरतडायला लागला. त्याचं उत्तर मला कळलं.

रोह्याला मी रेल्वेने गेले. स्टेशनवरून विचारत विचारत त्या गॅरेजपर्यंत गेले. पत्र्याची शेड, पुढे उघड्या इंजिनांचे ट्रक, मागे कंपन्यांच्या धुराचा आंबूस वास. मालक खुर्चीवर बसून चहा पीत होता. मला बघून म्हणाला, "तुम्ही कॅसेटवाल्याची आई ना? तुमचा आवाज माझ्या सगळ्या ड्रायव्हरांना पाठ झालाय. एक तर घाटात लावतो. झोप येत नाही म्हणतो."

"त्याला सांगा, झोप येत असेल तर गाडी थांबव," मी म्हटलं.

मुलगा ट्रकखालून बाहेर आला. मला बघून त्याला आनंद झाला की भीती वाटली, कळलं नाही. मी भावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत होता आणि हातातल्या वायरीचं टोक सोलत होता.

"एकदा पुरी ऐक," तो म्हणाला. "मंग सांग."

मालकाने एका ट्रकचं केबिन उघडून दिलं. मी वर चढले. त्याने कॅसेट लावली आणि स्वतः खालीच उभा राहिला.

खरं सांगायचं तर त्याचा आवाज चांगला नाही. वरच्या सुराला फाटतो. पिंप फार वाजतं. एका गाण्यात मागे ट्रकचा हॉर्न आहे, तो मुद्दाम आहे की चुकून, मी विचारलं नाही. पण शब्द मी कधी ऐकले नव्हते असे होते. एक गाणं कुंडलिका नदीच्या पाण्यावर होतं, की पाणी रोज वेगळ्या रंगाचं येतं आणि आम्ही त्यात धुतलेल्या शर्टाचा रंग बघून शिफ्ट ओळखतो. एक बेंजो पार्टीवर होतं, शिव्याच होत्या त्यात. एक माझ्या नवऱ्यावर होतं. मिठागरावर मीठ ओढणारा माणूस, त्याच्या पायांना भेगा, घरी येऊन तो बोलत नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा लहान होता. त्याला भेगा आठवत असतील असं मला वाटलं नव्हतं. बाप बोलायचा नाही हेही मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मग शेवटचं. रिक्षात मी ते नीट ऐकलं नव्हतं. माझी ओळ संपली की मागून कुणीतरी ती उचलत होतं. मला वाटलं भावाची बायको असेल. पण ती चुकते, आणि हा आवाज चुकत नव्हता. जिथे श्वास घ्यायचा तिथेच घेत होता. जिथे ओळ अर्धी सोडून पुढची पकडायची तिथे सोडत होता. नंतर पिंप वाजलं, गिटार आली, पण तो आवाज मागून येतच होता.

मी खाली उतरले.

"मागून म्हनायला तू हायस?"

"व्हय. नंतर वरनं टेप केलं."

"कधी शिकलास?"

"तुझा पदर धरून हिंडत होतो ना लग्नांत."

पुरुष धवला म्हणत नाहीत. कुणी त्यांना शिकवत नाही. ज्या बायकांना मी वर्षानुवर्षं मागे उभं केलं त्यांच्यापैकी एकीलाही तो असा उचलता आला नव्हता. मी त्याला हे सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं?

"परतीचा येतो का?" मी विचारलं.

"नाय. तेवा मी वरातीत पळायचो. तू शिकव, मी तो जोडतो कॅसेटला. मंग गाव काय बोलनार नाय."

"लग्नाबाहेर मी म्हननार नाय."

"मंग मामाच्या मांडवात म्हन. मी टेप घेऊन येतो."

"मामाच्या मांडवात मला तेवाच बोलावतील जेवा कॅसेट पुरी व्हईल. आनि कॅसेट तेवाच पुरी व्हईल जेवा मला मांडवात बोलावतील."

तो हसायला लागला. मलाही हसू आलं, पण ते लगेच गेलं.

"एवढं एक गानं पुसून टाक," मी म्हटलं. "बाकीची हायत तुझी. चांगली हायत."

"त्यातलं चांगलं तेच एक हाय, आये."

"मी तुझ्याकडं मागते हाय. माझ्या भाचीचं लग्न हाय."

त्याने वायर खाली टाकली. मालक खुर्चीवरून सगळं ऐकत होता, तो उगीच एका टायरला लाथ मारून आला. शेवटी मुलगा म्हणाला, "पुसायचं म्हनलं तरी कसं पुसू? कॅसेटा वाटल्या. कोनाकोनाच्या गाडीत हायत. माझी पुसली तरी तू बोलावत राहनारच."

मी पेणची गाडी पकडली. निडीचं स्टेशन आलं तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघितलं.

वैशाखात लग्न झालं. भावाने रोह्याकडच्या एका गावातून दुसरी धवलारीण आणली. तरुण बाई, आवाज माझ्यापेक्षा गोड. मी पाहुणी म्हणून गेले. न जाऊन कसं चालेल? भाचीने मला बघून मान खाली घातली. मी तिला हळद लावली, गालावर, इतर बायकांनी लावली तशी. ती हळूच म्हणाली, "आत्या, मी बाबांना बोलली होती." मी म्हटलं, "गप बस, हळद डोळ्यात जाईल."

माझ्या जागी उभी असलेली ती बाई नीट म्हणत होती. एक देव विसरली, पण कुणाला कळलं नाही. भावाची बायको मागे उभी राहून नेहमीसारखी चुकत होती. मी खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसले होते. ओठ हलू नयेत म्हणून मी सुपारी तोंडात धरली होती.

नवरी गेली. टेम्पो निघाला. ती बाई नारळ आणि लुगडं पिशवीत भरत होती. भाऊ म्हणाला, सकाळचं राहिलंय ना? ती म्हणाली, "दादा, संध्याकाळी माझी नागोठण्याला हळद हाय. सीझन हाय. आता कोन करतो सकाळचं? मनात म्हना, पोचतं." आणि गाडीत बसून गेली.

मुलगा मांडवाच्या कडेला उभा होता. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. खांद्यावर पिशवी, पिशवीत टेप, मला आकारावरून कळलं.

"आये, राहिलं ना?"

"राहिलं."

"म्हन ना मंग. कोन अडवनार हाय?"

"मला बोलावलंय का?" मी म्हटलं आणि चपला घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात. डोळे सुजलेले. आत आला, बसला नाही.

"बाय, ती तशीच गेली."

"बघितलं मी."

"मांडव हाय अजून. उंबर तसाच हाय. तू येऊन म्हनशील? हळू म्हन. कोनाला सांगू नको."

"हळू म्हंजे कसं? एकेका देवाच्या कानात?"

"थट्टा नको करू. पोर निडीला पोचलीय. तिकडं काय झालं तर?"

तो रडायला लागला. लहानपणी खाडीत घसरून पडला होता तेव्हा असाच तोंड वाकडं करून रडला होता. मला त्याची दया आली. भाचीची जास्त आली. पण चोरून म्हणायचा तो धवला नव्हेच. मांडवात बायका हव्यात, मागून म्हणायला कुणी हवं, ऐकायला कुणी हवं. नाहीतर कॅसेटमध्ये आणि त्यात फरक काय?

"घरोघर जा," मी म्हटलं. "बायांना सांग, माझी बहीन धवला म्हननार हाय, मांडवात या. धवलारनीला बोलावतात तसं बोलाव. मी येते. पोराला पन आनते, तो टेप करील. परत पाठवायचं तर दोन्हीकडनं पाठवू. कॅसेटवरचं पन मिटेल."

"गावकीतले काय बोलतील?"

"तुझी पोर निडीला हाय. गावकीतल्यांची नाय."

"बघतो," तो म्हणाला आणि गेला.

मी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि मुलाला घेऊन भावाच्या मांडवात जाऊन बसले. मुलाने टेपमध्ये नवे सेल घातले, बटणं दाबून बघितली. खुर्च्या सगळ्या एकावर एक रचलेल्या होत्या, आम्ही दोघं खाली बसलो. भाऊ समोरच्या घरापर्यंत गेलेला दिसला. तिथे ओट्यावर त्या घरातला म्हातारा होता. दोघं काहीतरी बोलले. भाऊ पुढच्या घराकडे गेला नाही. परत आला आणि मांडवाच्या तोंडाशी पाटावर बसला. भावाची बायको दारातून एकदा बाहेर बघून आत गेली.

"मामा नाय गेला तर?" मुलाने विचारलं. "कॅसेटचं काय करू?"

"राहू दे हाय तशी. मी परत सांगायची नाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खरंच बोलते आहे हे त्याला कळलं. त्या कॅसेटच्या कॉप्या त्याने नंतरही काढल्या, शेवटच्या गाण्यासकट. मला त्यानंतर कुणी लग्नाला उंबराजवळ उभं केलं नाही.

ऊन मांडवाच्या मधोमध आलं तेव्हा मांडववाला टेम्पो घेऊन आला. त्याच्याबरोबर एक गडी होता. तो भावाला म्हणाला, "काका, सोडू का? दुसरीकडं लावायचाय."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. वाट मोकळी होती, घरं समोर होती, बायका घरातच होत्या. अजून वेळ गेली नव्हती.

"सोड," भाऊ म्हणाला.

गड्याने दोऱ्या सोडल्या. कापड खाली आलं, त्याची घडी घातली गेली. बांबू टेम्पोत पडायला लागले. मुलाने टेप पिशवीत ठेवला. शेवटी मांडववाल्याने उंबराची फांदी उपटली, बुडाला लागलेली माती झटकली आणि "ही तुमची" म्हणून भावाच्या हातात दिली. पानं सुकून मुडपली होती. भाऊ ती धरून मोकळ्या अंगणात उभा राहिला. धवला झाल्याशिवाय ती पाण्यात सोडता येत नव्हती. कुठे ठेवायची ते त्याला माहीत नव्हतं आणि त्याने मला विचारलं नाही.